नावे ठेवण्याआधी

ज्या यंत्रांवर पहिले घण पडले ती नवी नव्हती. पायमोजे विणण्याचे हे यंत्र विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी बनवले, असे मानले जाते. त्याच पंचक्रोशीतल्या आर्नोल्ड गावात ११ मार्च १८११ च्या रात्री साठेक यंत्रे फोडली गेली, तेव्हा त्या शोधाला सव्वादोनशे वर्षे होत आली होती. फोडणाऱ्यांचे आजे-पणजे याच यंत्रावर बसून संसार चालवत आले होते. यंत्र बहुधा राहत्या घरातच असे, खिडकीच्या उजेडात. पुरुष हातापायांनी ते चालवत, मुले सूत गुंडाळून देत, बायका मोज्यांची शिवण घालत. यंत्राच्या भीतीने बिथरलेले अडाणी लोक, हे वर्णन या माणसांना लावायचे तर आधी ही वस्तुस्थिती बाजूला सारावी लागते.

तशी ती सारली गेली आहे. 'लडाइट' म्हणजे नव्या तंत्रज्ञानाला घाबरणारा, प्रगतीच्या वाटेत आडवा पडणारा माणूस, असा अर्थ आता जगभर रूढ झाला आहे. स्मार्टफोन न वापरणारे गृहस्थ स्वतःला हसत हसत लडाइट म्हणवून घेतात. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना कोर्टात हरकत घेणाऱ्या वकिलालाही हेच विशेषण चिकटवले जाते. वॉशिंग्टनमधील 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन फाउंडेशन' या संस्थेने तर या नावाचा उपहासात्मक पुरस्कारच काढला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांविषयी धास्ती व्यक्त करणाऱ्यांना 'बहाल' झाला, आणि त्या गटात स्टीफन हॉकिंग व इलॉन मस्क यांची नावे घेतली गेली. एक कृष्णविवरांचा अभ्यासक, दुसरा विजेच्या मोटारी आणि अग्निबाण बनवणारा उद्योजक. ज्या शब्दात हे दोघेही बसतात तो शब्द कोणाविषयी काही सांगण्याच्या कामाचा राहिलेला नाही. समोरच्याला गप्प करण्यासाठी मात्र तो अजून उत्तम चालतो.

या पुस्तकाचे दोन विषय आहेत. पहिला, १८११ ते १८१६ या काळात इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागात घडलेला यंत्रफोडीचा उठाव. दुसरा, त्या उठावाच्या नावाचे पुढचे दोनशे वर्षांचे आयुष्य. दोन्ही विषय एकत्र घेण्यामागे एक निश्चित म्हणणे आहे. लडाइटांचे भांडण यंत्र असण्याशी नव्हते. यंत्र कोणत्या अटींवर चालेल, त्या अटी कोण ठरवेल आणि त्यांची किंमत कोण मोजेल, यावर ते भांडण होते. त्यांचे नाव शिवी म्हणून वापरले की नेमका हाच प्रश्न चर्चेतून गळून पडतो आणि 'यंत्र हवे की नको' एवढा पोरकट वाद शिल्लक राहतो.

लडाइट ही एक संघटना नव्हती. तीन प्रदेशांत, तीन वेगळ्या धंद्यांत, तीन वेगळ्या कारणांनी पेटलेली ती आग होती. नॉटिंगहॅमशायर, लेस्टरशायर आणि डर्बीशायर या भागात मोजे विणणाऱ्यांची वीस हजारांहून जास्त यंत्रे चालत. त्यांतली बहुतेक यंत्रे होजियर म्हणवल्या जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या किंवा इतर भांडवलवाल्यांच्या मालकीची असत आणि विणकराला ती भाड्याने मिळत. काम मिळो न मिळो, भाडे मजुरीतून कापले जाई. काही व्यापारी मजुरी रोख न देता मालात देत, आणि तो माल बाजारभावापेक्षा महाग पडे. त्यात एक नवी चाल आली. रुंद यंत्रावर सलग कापड विणायचे, ते कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचे आणि शिवून विकायचे. असा मोजा स्वस्त पडे, पण शिवण उसवली की संपला. त्याला उमेदवारी केलेला कसबी विणकर लागत नसे. भाव पडले, मालाची पत गेली आणि दोन्हींचा फटका चांगला मोजा विणणाऱ्याला बसला. म्हणूनच फोडणाऱ्या टोळ्या निवड करत. कमी दर देणाऱ्या किंवा हा कापीव माल काढणाऱ्या व्यापाऱ्याचे यंत्र फुटे. रीतसर दर देणाऱ्याचे, त्याच खोलीत असले तरी, शाबूत राही. भयाने बेभान झालेला जमाव अशी निवड करत नाही.

यॉर्कशायरची गोष्ट निराळी. तिथे क्रॉपर म्हणजे लोकरीच्या कापडावरची लव कातरणारे कारागीर होते. कापड विणून झाले की त्यावरची लव उभी करून एकसारखी कातरावी लागे, आणि त्यासाठीची कात्री अठरा-वीस किलो वजनाची असे. कापडाचा दर क्रॉपरच्या हातावर ठरे, म्हणून त्याची मजुरी चांगली होती आणि मानही मोठा. लव उभी करणारी गिग मिल आणि कातरणारी चौकट या दोन यंत्रांनी हे कसबच अनावश्यक ठरवले. मार्सडेन गावचे लोहार इनॉक आणि जेम्स टेलर ही यंत्रे बनवत. मोठ्या घणालाही इनॉकचेच नाव पडले होते, आणि एका इनॉकने घडवलेले दुसऱ्या इनॉकने मोडायचे हा क्रॉपरांचा आवडता विनोद होता. लँकेशायरमध्ये सुती कापडाचे हातमाग विणकर होते. त्यांच्यासमोर वाफेवर चालणारे माग उभे राहत होते, पण मजुरीची घसरण त्याच्या आधीपासून सुरू होती. तिथे यंत्रफोड, धान्यासाठीचे दंगे आणि राजकीय सुधारणेची चळवळ एकमेकांत मिसळली. मिडलटनमधील गिरणीवर २० एप्रिल १८१२ रोजी चाल झाली तेव्हा आतून गोळ्या सुटल्या आणि माणसे मेली. चारच दिवसांनी वेस्टहॉटनची गिरणी पेटवण्यात आली.

या तिन्ही ठिकाणांना जोडणारी गोष्ट होती एक नाव. १७७९ च्या सुमारास लेस्टरजवळच्या ॲन्स्टी गावात नेड लड नावाच्या पोराने रागाच्या भरात यंत्र फोडले, अशी दंतकथा होती. तिच्यातून 'जनरल लड' हा सेनापती जन्माला आला. व्यापाऱ्यांना येणारी धमकीची पत्रे त्याच्या सहीने येत, आणि काही पत्रांवर पत्ता असे शेरवुडच्या जंगलाचा. रॉबिन हूडच्या जंगलातून पत्र लिहिणारा सेनापती सरकारला सापडणे शक्यच नव्हते, कारण तो कुठेच नव्हता. ही पत्रे मात्र खरी आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. त्यांत शिव्या आहेत, धमक्या आहेत, पण जुन्या सनदांचे आणि कायद्यांचे हवालेही आहेत. लिहिणाऱ्याला आपण कायदा मोडत नसून मोडलेला कायदा बजावत आहोत, असे वाटत होते.

लडाइटांविषयीच्या सर्वसाधारण समजुतीतून गाळली जाते ती ही बाजू, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. घण ही पहिली पायरी नव्हती, शेवटची होती. मोजे विणणाऱ्यांच्या धंद्याला सतराव्या शतकात सनद मिळाली होती आणि तिने मालाचा दर्जा व उमेदवारीचे नियम घालून दिले होते. गिग मिलवर सहाव्या एडवर्डच्या काळातल्या कायद्याने बंदी होती. उमेदवारीचा कायदा १५६३ पासून होता. क्रॉपरांनी वर्गणी काढून वकील लावले, पार्लमेंटपुढे साक्षी दिल्या. पार्लमेंटच्या समितीने १८०६ साली अहवाल दिला तो गिरणीदारांच्या बाजूने, आणि १८०९ मध्ये लोकर धंद्याचे जुने कायदे रद्द झाले. लँकेशायरच्या विणकरांनी किमान मजुरीची मागणी केली. १८०८ मध्ये ती फेटाळली गेली, मँचेस्टरला जमलेल्या विणकरांवर सैन्य धावून गेले आणि एक विणकर ठार झाला. एकत्र येऊन दर ठरवावेत तर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगार संघटनाच गुन्हा ठरवल्या होत्या. ऐन उठावातही ग्रॅव्हनर हेन्सनसारखे नॉटिंगहॅमचे पुढारी सनदशीर वाटेनेच चालले होते. त्यांनी कापीव माल आणि मालात दिली जाणारी मजुरी यांविरुद्ध विधेयक तयार केले. १८१२ च्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन कॉमन्समधून पार पडले आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने ते फेकून दिले.

काळही वाईट होता. नेपोलियनशी युद्ध चालू होते, युरोप आणि अमेरिकेचा व्यापार अडला होता, पिके बुडाल्याने गहू महागला होता. सरकारने उत्तर दिले ते फौजेने. उत्तरेत पाठवलेल्या सैन्याचा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. वेलिंग्टन १८०८ साली पोर्तुगालला घेऊन गेला होता त्याहून ही फौज मोठी होती. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा १८१२ च्या वसंतात मंजूर झाला. त्याला विरोध करण्यासाठी २४ वर्षांचा लॉर्ड बायरन २७ फेब्रुवारी १८१२ रोजी लॉर्ड्समध्ये पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. त्याचे वडिलोपार्जित घर नॉटिंगहॅमशायरमध्येच होते आणि विणकरांची उपासमार त्याने जवळून पाहिली होती. भाषण गाजले, कायदा अडला नाही.

लडाइटांना संत करायचे कारण नाही. नोव्हेंबर १८११ मध्ये बुलवेल इथे जॉन वेस्टली हा विणकर यंत्रफोडीच्या वेळी गोळी लागून मेला, तो त्यांचा पहिला बळी. ११ एप्रिल १८१२ च्या रात्री विल्यम कार्टराइटच्या रॉफोल्ड्स गिरणीवरचा हल्ला फसला आणि दोन तरुण प्राणाला मुकले. त्यानंतर हेतू बदलला. २८ एप्रिलला विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाला रस्त्यात गोळी घालण्यात आली. त्या खुनासाठी जॉर्ज मेलर आणि दोघे साथीदार ८ जानेवारी १८१३ रोजी यॉर्कला फासावर गेले, आणि आठवड्याभराने आणखी चौदा जण. जनरल लडच्या नावावर घरफोड्या झाल्या, हत्यारे लुटली गेली. उमेदवारी न केलेल्या मजुराविषयी आणि धंद्यात येऊ पाहणाऱ्या स्त्रियांविषयी कसबी कारागिरांची वृत्ती उदार नव्हती. हे सगळे या पुस्तकात आहे. पण यंत्राचा तिरस्कार म्हणून जे सांगितले जाते ते पुराव्यात शोधूनही फारसे सापडत नाही.

इतिहासकारांनी या उठावाकडे कसे पाहिले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि नव्या वाचकाला त्याचा नकाशा हाती असावा. पहिली पिढी आठवणींची. शार्लट ब्राँटीने १८४९ मध्ये 'शर्ली' ही कादंबरी याच काळावर बेतली. तिचे वडील त्या वर्षांत रॉफोल्ड्सच्या जवळच धर्मोपदेशक होते. फ्रँक पील या यॉर्कशायरच्या पत्रकाराने १८८० मध्ये म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांचे पुस्तक केले. दुसरी पिढी जॉन आणि बार्बरा हॅमंड या दांपत्याची. १९१९ च्या त्यांच्या 'द स्किल्ड लेबरर'ने सरकारी दप्तरे उघडली आणि कारागिरांची दुःखे सहानुभूतीने मांडली. मात्र गुप्त कटांच्या बातम्या त्यांनी हेरांच्या कल्पनाविलासात जमा केल्या. एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ च्या निबंधात प्रश्नच फिरवला. संघटना बेकायदा असताना मालकाला वाटाघाटीला बसवण्याचे साधन कोणते, तर त्याची मालमत्ता. म्हणजे यंत्रफोड हा वेडाचा झटका नसून सौदा करण्याची रीत होती, आणि ती लडाइटांच्या शंभर वर्षे आधीपासून चालत आली होती. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये इंग्रज कामगार वर्गाच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात त्याही पुढे पाऊल टाकले. लडाइटांना त्यांनी एका भूमिगत आणि काही प्रमाणात राजकीय परंपरेत बसवले, आणि मुक्त बाजाराच्या नव्या तत्त्वज्ञानाला जुन्या नीतीने दिलेले उत्तर म्हणून त्यांच्याकडे पाहिले. माल्कम थॉमिस यांना १९७० मध्ये हे पटले नाही. त्यांच्या मते भांडण मजुरीचे आणि धंद्याचे होते, क्रांतीचे नव्हे. हा वाद अजून मिटलेला नाही. एड्रियन रँडल यांनी लडाइटांच्या आधीच्या काळातील लोकर कामगारांकडे लक्ष वळवले, तर केव्हिन बिनफील्ड यांनी २००४ मध्ये त्यांची पत्रे व जाहीरनामे संपादित करून दाखवले की तिन्ही प्रदेशांतील लडाइटांची भाषाच वेगळी होती. आता 'लडाइटांचे म्हणणे काय होते' असे एकवचनी विधान करणे अवघड झाले आहे, आणि हे चांगलेच आहे.

नावाचा प्रवास मात्र या संशोधनाला वळसा घालून झाला. एकोणिसाव्या शतकात लडाइट म्हणजे एका विशिष्ट काळातले विशिष्ट लोक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्वभावाचा प्रकार झाला. सी. पी. स्नो यांनी १९५९ च्या 'दोन संस्कृती' या गाजलेल्या व्याख्यानात साहित्यिक बुद्धिजीवींना हे नाव दिले. हे साहित्यिक कधी घण उचलणार नव्हते आणि त्यांची मजुरीही कोणी कापत नव्हते. तरी नाव चिकटले. कादंबरीकार टॉमस पिंचन यांनी १९८४ मध्ये त्यावर एक खोचक निबंध लिहिला. पुढे उलटी लाट आली. चेलिस ग्लेनडिनिंग यांनी १९९० मध्ये नव-लडाइटांचा जाहीरनामा मांडला. कर्कपॅट्रिक सेल यांनी १९९५ मध्ये लडाइटांवर पुस्तक लिहिले आणि न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर घणाने संगणक फोडला. त्यांची पर्यावरणाविषयीची तळमळ खरी होती. पण औद्योगिक संस्कृतीच नाकारणारा बंडखोर म्हणून त्यांनी लडाइटांना गौरवले, तेव्हा निंदकांचीच व्याख्या त्यांनी मान्य केली. फक्त तिच्यापुढचे वजाचे चिन्ह अधिक केले. नॉटिंगहॅमच्या विणकराला यंत्र मोडीत काढायचे नव्हते. ते चालवून पोटभर खायचे होते.

तिसरा प्रवाह अभ्यासकांचा. लँग्डन विनर, डेव्हिड नोबल आणि अलीकडे गॅव्हिन म्यूलर व ब्रायन मर्चंट यांनी तंत्रज्ञानाच्या आत दडलेल्या सत्तेकडे बोट दाखवले. एकोणिसाव्या शतकातलेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. कसबी सूतकात्यांच्या संपांनी त्रासलेल्या मँचेस्टर परिसरातील गिरणीदारांनी रिचर्ड रॉबर्ट्स या यंत्रज्ञाला आपोआप चालणारे सूतकताईचे यंत्र बनवण्याची गळ घातली. त्याने १८२५ आणि १८३० मध्ये त्याची पेटंटे घेतली. अँड्र्यू यूर या कारखानदारीच्या कट्टर पुरस्कर्त्याने १८३५ मध्ये या यंत्राचे गुणगान केले, ते कामगारांना शिस्त लावणारे साधन म्हणूनच. यंत्र तटस्थ असते असे म्हणणाऱ्याला यूरनेच उत्तर देऊन ठेवले आहे.

अर्थशास्त्रात 'लडाइट भ्रम' अशी एक संज्ञा आहे. यंत्राने काही कामे जातात, पण उत्पादन वाढते, वस्तू स्वस्त होतात, मागणी वाढते आणि नवी कामे उभी राहतात. म्हणून यंत्राने कायमची बेकारी येते असे मानणे चूक, असा त्याचा आशय. दोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण खुद्द अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घालून मत बदलले. यंत्राने कामगार वर्गाचे नुकसान होऊ शकते आणि कामगारांची तशी समजूत केवळ अज्ञानातून आलेली नाही, हे त्यांनी मान्य केले. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांनी दाखवले आहे की एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन वाढत राहिले, पण खरी मजुरी जवळपास जागच्या जागी राहिली. हातमागाचे विणकर १८२० च्या दशकात दोन लाखांवर होते. पुढच्या तीसेक वर्षांत तो धंदा संपत आला. ज्याची सगळी हयात या चाळीस वर्षांत गेली, त्याला नातवाच्या सुबत्तेचा दाखला देऊन भ्रमिष्ट ठरवणे हा हिशेब नव्हे. लाभ कधी झाला एवढेच पाहून भागत नाही. तोवर झळ कोणी सोसली आणि त्याला कोणी विचारले होते का, हेही पाहावे लागते.

मराठी वाचकासाठी हा विषय सातासमुद्रापलीकडचा नाही. लँकेशायरच्या ज्या वाफेच्या मागांवर विणकर चालून गेले, त्याच मागांचे कापड पुढे हिंदुस्थानच्या बाजारात ओतले गेले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली तेव्हा यंत्रे आली ती लँकेशायरमधल्याच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून. गिरणगावात माणसे आली, साचे चालवायला शिकली, आणि १९२८ मध्ये जवळपास तोच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. दोन साच्यांऐवजी एका विणकराने तीन साचे सांभाळावेत, अशी योजना काही गिरण्यांनी आणली. तिला 'रॅशनलायझेशन' हे भारदस्त नाव होते. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या. त्या होत्या दरांच्या, कामाच्या बोज्याच्या, कपातीच्या आणि आम्हाला न विचारता अटी बदलू नका या आग्रहाच्या. साचे बंद करा असे कोणी म्हटले नव्हते. तरी कामगार कार्यक्षमतेच्या आड येतो, हा ठपका त्यांच्यावर बसलाच.

आपल्याकडे यंत्रावरचा वैचारिक वादही जुना आहे. गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली, पण १९२४ मध्ये आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट करताना त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा आदराने अपवाद केला. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्रद्वेष्ट्या चळवळीचे हे लक्षण नव्हे. दुसऱ्या बाजूने सावरकरांनी आपल्या विज्ञाननिष्ठ निबंधांत यंत्राने बेकारी वाढते हा आक्षेप आवेशाने खोडून काढला. मराठीतला हा वाद दोन्ही अंगांनी गंभीर होता. त्याच्या तुलनेत आजची शेरेबाजी फार उथळ वाटते.

अलीकडचे उदाहरण अंगणवाडी सेविकांचे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. वरवर पाहणाऱ्याला ही तंत्रज्ञानाची भीती वाटली असेल. तक्रार अशी होती की मोबाइल कमी क्षमतेचे आणि वारंवार बिघडणारे, नोंदी करायचे 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेला. चांगला फोन द्या आणि ॲप मराठीत द्या, ही मागणी यंत्र चालवू इच्छिणाऱ्याची असते. कमी दर्जाच्या साधनावर काम लादून तोटा मात्र वापरणाऱ्याच्या माथी मारायचा, ही तक्रार मोजे विणणाऱ्यांनाही लगेच कळली असती.

हा विषय आज पुन्हा तातडीचा का झाला, हे वेगळे सांगायला नको. लिहिणे, चित्र काढणे, भाषांतर करणे, ग्राहकाला उत्तर देणे, संगणकाची आज्ञावली लिहिणे ही कामे यंत्रे करू लागली आहेत, आणि ती करायला यंत्रे शिकली आहेत माणसांनीच केलेल्या कामावरून. हॉलिवूडच्या लेखकांनी मे २०२३ मध्ये संप पुकारला तो १४८ दिवस चालला. त्यातून झालेल्या कराराने कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंदी घातलेली नाही. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचा दर्जा मिळणार नाही, लेखकाला यंत्र वापरायची सक्ती करता येणार नाही, कंपनीची संमती असेल तर तो स्वतः होऊन ते वापरू शकेल, आणि यंत्राचा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागेल, अशी कलमे त्यात आहेत. १८१२ मध्ये हेन्सनच्या विधेयकाने हाच प्रकार करू पाहिला होता: साधन राहू द्या, त्याचा कोणता वापर चालेल हे लिहून ठरवा. फरक एवढाच की लेखकांची संघटना कायदेशीर होती आणि वाटाघाटीच्या मेजावर तिला जागा होती. तशी जागा असलेल्या माणसाला घण उचलावा लागत नाही. लडाइटांच्या इतिहासातून आजच्या धोरणकर्त्यांनी घेण्यासारखा धडा मला तरी हाच दिसतो.

आता या पुस्तकाच्या स्वरूपाविषयी. लडाइटांवर इंग्रजीत मोठे साहित्य आहे. मराठी वाचकाला ते एका जागी, आपल्या भाषेत आणि आपल्या प्रश्नांसह मिळावे, हा पहिला हेतू. त्यासाठी घटनांची सांगड प्रदेशवार घातली आहे आणि प्रत्येक धंद्याचे काम प्रत्यक्ष कसे चाले हे आधी सांगितले आहे, कारण ते कळल्याशिवाय भांडण कळत नाही. पत्रे, साक्षी, खटल्यांची कागदपत्रे यांच्याबरोबरच गिरणीमालक, मॅजिस्ट्रेट आणि सरकार यांची बाजूही त्यांच्याच तर्काने मांडली आहे. कार्टराइट किंवा हॉर्सफॉल यांना खलनायक केले असते तर गोष्ट सोपी झाली असती, पण खोटी झाली असती. बाजारात टिकायचे तर यंत्र आणलेच पाहिजे, ही त्यांची निकडही खरी होती. हेरांच्या जबान्यांवर कितपत विसंबायचे, उठाव किती राजकीय होता, अशा प्रश्नांवर अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत.

उत्तरार्धात नावाचा इतिहास आहे आणि त्याला लागून इथल्या संघर्षांचा विचार आहे. तिथे मुंबईचा गिरणी कामगार म्हणजे मराठी लडाइट, अशी सोपी बरोबरी मुद्दाम टाळली आहे. १९२८ चा कामगार उघडपणे संघटित होता, कारखान्यात होता आणि वसाहतीच्या राज्यात होता. यॉर्कशायरचा क्रॉपर यांपैकी काहीच नव्हता. साम्य आहे ते प्रश्नात, माणसांत नाही. कोणते यंत्र चांगले आणि कोणते वाईट, याची यादीही या पुस्तकात मिळणार नाही. लडाइटांनी तशी यादी केली होती, पण ती त्यांच्या धंद्याच्या खोल ज्ञानातून आली होती. ते ज्ञान त्या त्या कामातल्या माणसांपाशीच असते आणि बाहेरच्या लेखकाने त्याची जागा घेऊ नये.

वाचकाने लडाइटांची बाजू घ्यावी असा आग्रह नाही. पुस्तक वाचून कोणाला वाटेल की गिरणीदारांचे बरोबर होते. कोणाला वाटेल की पार्लमेंटने थोडी सबुरी आणि थोडा न्याय दाखवला असता तर सतरा माणसांना यॉर्कला फाशी द्यावी लागली नसती. दोन्ही मतांना पुराव्यात आधार सापडेल. अपेक्षा एवढीच की शिक्षक, शेतकरी, कारकून, डिलिव्हरी करणारा तरुण किंवा अनुवादक जेव्हा एखाद्या नव्या यंत्राबद्दल हरकत घेईल, तेव्हा तो जुन्या काळाचा आहे की नव्या, हे ठरवायची घाई होऊ नये. त्याने मागण्यांचा कागद दिलेला असेल. तो उघडावा, एकेक कलम वाचावे, आणि त्यातले कोणते अमान्य आहे व का, हे त्याच्यासमोर बसून सांगावे.